हूडचा आवाज येतोय, पण हवा ओढली जातेय का?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. फ्यूम हूडमध्ये डायक्लोरोमीथेन वापरून कॉलम करत होते. ब्लोअरचा आवाज नेहमीसारखाच, तरी डोकं जड व्हायला लागलं. टिश्यूपेपरची पट्टी हूडच्या तोंडाशी धरली, तर ती जेमतेम हलली. मेंटेनन्सच्या काकांनी शिडी लावून वर पाहिलं. डॅम्परची मूठ 'उघडा' दाखवत होती, पण स्क्रू ढिला होऊन आतलं पातं जवळपास बंद झालं होतं!

डॅम्पर म्हणजे डक्टच्या आत आसावर फिरणारं पातं. ते कशाला हवं? समजा, एकाच ब्लोअरवर दोन हूड आहेत. हवा सोपी वाट धरते, त्यामुळे ब्लोअरजवळचा हूड जास्त ओढतो आणि लांबचा उपाशी राहतो. जवळच्या फाट्यातला डॅम्पर थोडा वळवला की तिथला अडथळा वाढतो आणि वाटणी नीट होते. मात्र पातं अर्धं वळवलं म्हणजे हवा अर्धी झाली, असं नसतं. मोजावंच लागतं.

किती हवी? हूडच्या तोंडाशी साधारण ०.५ मीटर प्रति सेकंद वेग धरतात. उघडी जागा १.५ × ०.४५ मीटर असेल, तर तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा ओढली जायला हवी.

डॅम्पर बसवताना चार गोष्टी बघायच्या:

१. वळणाला किंवा फाट्याला चिकटून बसवू नये. तिथे हवा एका बाजूला लोटलेली असते. मध्ये सरळ डक्ट हवा.

२. मूठ डक्टला समांतर असेल तेव्हा पातं पूर्ण उघडं हवं. आसाच्या टोकावर पात्याच्या दिशेची खूण करावी, हवा जुळवून झाली की मूठ घट्ट कसावी.

३. उलटी हवा रोखणारा डॅम्पर असेल, तर त्यावरचा बाण ब्लोअरकडे हवा.

४. आगीत आपोआप बंद होणारा फायर डॅम्पर फ्यूम हूडच्या डक्टमध्ये नको. एनएफपीए ४५ हे अमेरिकन मानक त्याला मनाई करतं. कारण साधं आहे: तो बंद झाला की विषारी वाफा लॅबमध्येच कोंडतात.

नवीन लॅबमध्ये गेलात की हूडवर शेवटच्या मोजणीची तारीख बघा. नसेल तर विचारा, लाजू नका. टिश्यूपेपर फक्त दिशा सांगतो, वेग सांगायला अॅनिमोमीटरच लागतो. आणि हूड कमी ओढतोय म्हणून डॅम्पर स्वतः फिरवू नका. तुमच्याकडे वाढलेली हवा शेजारच्याच्या हूडमधून कमी झालेली असते.