विमानाने निघालात? प्रसाधनाची पिशवी अशी भरा

भगिनींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाण्याचा योग आता खेड्यातील आईलाही येतो. सोबत खोबरेल, काजळ, कुंकू असतेच. पण विमानतळावरील तपासणीत बाटली काढून घेतली, की परक्या गर्दीत जीव कानकोंडा होतो.

ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून हातातील बॅगेतील पातळ वस्तूंवर निर्बंध आले. तेल, क्रीम, व्हॅसलीन, पातळ कुंकू, डबीतील मऊ काजळ हे सारे त्यांत मोडते. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटर किंवा लहान हवी. बियाण्याच्या पिशवीवरील वजन पाहता, तसा बाटलीवरील आकडा वाचा. २०० ची बाटली अर्धी असली तरी अडते. सर्व बाटल्या एक लिटरच्या, तोंड बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवा. कोरडे कुंकू व टिकल्या वेगळ्या चालतात. कात्री आणि बाळंतिणीचे जास्तीचे तेल मोठ्या बॅगेत टाका.

उंचावर हवेचा दाब कमी होतो व बाटलीतील हवा फुगून तेल झिरपते. म्हणून प्लॅस्टिकची बाटली किंचित दाबून, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. लहान बाटली हवी म्हणून कीटकनाशकाची रिकामी बाटली घेऊ नका. कितीही धुतली तरी विषाचा अंश राहतो, आणि ते तेल तान्ह्या बाळाच्या अंगाला लागेल. बाजारात नवी बाटली थोड्या पैशांत मिळते.