साडेपाच कोटींची पिकअप आणि देवराष्ट्र्यातली गाडी



२०२१ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात एका पिकअपचा लिलाव झाला. बोली थांबली साडेदहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेपाच कोटींच्या पुढे. बरोबर वाचलंत, पिकअपच. मागे हौदा असलेली.

तिकडे तिला 'यूट' म्हणतात. मूळ शेतकऱ्याचंच. एका शेतकरी बाईने फोर्डला पत्र लिहिलं म्हणे : रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. १९३४ मध्ये तशी गाडी आली. पुढे होल्डन कंपनीच्या गाड्या वेगवान करून विकणाऱ्या एचएसव्हीने 'मालू' नावाची यूट काढली. लिलावातली होती जीटीएसआर डब्ल्यू १ मालू. ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही-एट इंजिन, सुमारे ६३५ अश्वशक्ती. पण एवढा भाव नुसत्या इंजिनाला मिळत नाही. अशा गाड्या बनल्या फक्त ४, आणि होल्डनचा तिथला कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला कायमचा बंद झाला. पाचवी येणार नाही, ही खात्री विकली गेली.

हे पाटणला बसून का सांगतोय? कोयना खोऱ्यात जीप म्हणजे घरातलंच माणूस. वडाप असो की वैरण, जीपच. त्यामुळे गॅरेजवाल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, जीप मॉडिफाय करायचा धंदा टाकू का? कर्ज मिळतंय."

उत्तर आपल्या शेजारीच आहे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी. होय, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, सुमारे ६० हजारांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला. ही गाडी नियमात बसत नाही, प्रशासन आज ना उद्या थांबवणार, हे त्यांनी तिथेच सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली.

बातमी वाचून सगळे बोलेरोवर खूश झाले. माझं लक्ष मात्र त्या नियमांच्या वाक्यावर गेलं. लोहारांची कारागिरी बावनकशी, पण तीच गाडी बनवून दहा गिऱ्हाइकांना विकता आली असती का? नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओने गाडी अडवली की गिऱ्हाईक पहिला फोन तुम्हालाच करणार. आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

मग जीपवेड्या पोरानं काय करावं? उलट्या दिशेनं जावं. गाडी बदलू नका, मूळ रूपात आणा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही, म्हणजे घेणारा हौशी आणि खिसा भरलेलाच असणार. आज हिशोब केला तर सत्तरीच्या सुरुवातीच्या महिंद्रा जीपा या वयात आल्यात. कुठल्या तरी गोठ्यामागे ताडपत्रीखाली एखादी उभी असेलच.

कर्जाआधी एक जीप घ्या, तीही गिऱ्हाइकाची, स्वतःची नको. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवल्याशिवाय पान्यालाही हात लावू नका. काम सुरू करण्याआधी, मधे आणि संपल्यावर फोटो काढा, प्रत्येक पार्टची पावती फाईलला लावा. संग्राहक रंगाआधी ती फाईल मागतो. पार्टचे पैसे ॲडव्हान्स, मजुरी टप्प्याटप्प्यानं. आणि तास लिहून ठेवा. पत्रा, वेल्डिंग, पार्टसाठी कराड-साताऱ्याच्या जुन्या बाजारात घातलेले दिवस, सगळे. पहिल्या जीपचा तासांचा हिशोब हातात आला की मगच बँकेत जा.