हाडांसाठी गोळी सोडू नका

‘या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, त्यापेक्षा बंद केलेल्या बऱ्या.’ एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये हा समज पक्का आहे. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक.

खरा भाग असा: एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्के घटते, मग ही घट बरीचशी थांबते. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या टीएलडी गोळीतल्या टेनोफोविरचा त्यात हात असतो. पण गोळी सोडली की हाडं वाचली, असं नाही. विषाणूमुळे शरीरात चालू राहणारा दाहही हाडं झिजवतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ अभ्यासात काहींच्या औषधात मुद्दाम खंड पाडला होता. त्यांच्या हाडांची झीज कमी झाली खरी, पण आजार आणि मृत्यू वाढले. असला सौदा कोण करेल?

‘दुखत नाही, म्हणजे हाडं ठणठणीत’ हेही चूक. ठिसूळ हाड दुखत नाही, थेट मोडतं. म्हणून पाळी गेलेल्या बायकांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. जांघेतलं दुखणं मात्र हटत नसेल, तर तो वेगळा मामला: खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. दारू आणि स्टेरॉइडमुळे हा धोका वाढतो.

सर्वांत निरागस गैरसमज कॅल्शियमचा. ‘ताकदीचीच गोळी, कधीही घ्या!’ रात्री जेवणानंतर बऱ्याच वेळाने, झोपताना, टीएलडी आणि कॅल्शियम एकाच घोटात घेतलं, की पोटात कॅल्शियम टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाला धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. दोन्ही जेवणासोबत घेतल्या तर चालतं. नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर ठेवायलाच हवं. हाडांसाठी नाचणीची भाकरी, तीळ खुशाल खा, विडी-सिगारेट सोडा.

पुढच्या वेळी एआरटी केंद्रात जाताना घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, बाटली, चूर्णसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. मधल्या काळात शंका आली तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा. फोन मोफत आहे.