बिबट्या आणि उकिरडा

आश्विन वद्य द्वादशीला शहरांतील घरोघरी वसुबारस साजरी होते. त्याच दिवशी सह्याद्रीच्या परिसरातील अनेक आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. ज्याच्यापासून भय, त्यालाच गुरावासरांच्या रक्षणाचे साकडे घालावयाचे, ही रीत वरवर पाहता विचित्र वाटते. परंतु हिंस्र श्वापद हे रानाचेच एक अंग असून त्याच्या शेजारी मर्यादा सांभाळून राहावे लागते, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. मिरा-भाईंदरसारख्या नव्या नगराला आज नेमकी तिचीच गरज आहे.

येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. या काळात भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि काशिमिरा, चेणे, घोडबंदर या बाजूंनी वस्ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला भिडली. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात आज स्वैर संचार करणारा वाघ नाही. शिकारी प्राण्यांत अग्रस्थान आहे ते बिबट्याचे. चितळ, रानडुक्कर, वानर यांच्या संख्येला त्याचा धाक असतो. तृणभक्षकांना असा धाक न राहिल्यास कोवळी रोपे मोठी होण्यापूर्वीच खुडली जातात आणि जंगल हळूहळू म्हातारे होत जाते. विहार व तुळशी हे मुंबईला पाणी पुरविणारे तलाव याच जंगलाच्या कुशीत आहेत, हे विसरून चालणार नाही.

बिबट्याचा उपकार रानापुरताच नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार येथील बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा भटक्या कुत्र्यांचा आहे. कुत्री कमी म्हणजे श्वानदंश कमी व रेबीजचे भयही कमी. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. कुत्री पोसतो तो आपला उकिरडा, आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. त्याला वस्तीचे आमंत्रण आपणच धाडीत असतो.

बिबट्याचे भय खोटे आहे, असे कोणी म्हणू नये. २००४ च्या जूनमध्ये या उद्यानाच्या भोवताली अनेकांचे प्राण गेले. ज्या घरातील मूल जाते, त्या घराला निसर्गाच्या समतोलाचे पाठ सांगणे क्रूरपणाचे आहे. म्हणूनच उपाय खरा हवा. ‘पकडा आणि दूर सोडा’ ही मागणी साहजिक असली, तरी जुन्नरचा अनुभव तिच्या विरुद्ध आहे. तेथे बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचे प्रमाण वाढल्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येतो, आणि हलविलेला अनोळखी मुलखात भरकटतो. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सुमारे १२० किलोमीटर चालून या उद्यानापर्यंत आला होता.

कचरा वेळच्या वेळी उचलणे, रानालगतच्या वाटांवर दिवे लावणे, पाड्यांना घराजवळ शौचालये देणे, संध्याकाळनंतर मुलांना एकटे न सोडणे, ही कामे पिंजऱ्याइतकी दिसत नाहीत. परंतु जीव वाचतात ते त्यांनीच. रानाने आपला राखणदार नेमलेला आहे. नगराने निदान आपला उकिरडा तरी सांभाळावा.