युरियाची गोणी आणि उकिरड्याचा हिशेब

४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्याच्या पदरी २६६ रुपये ५० पैशांत पडते आणि शेकडा ४६ या प्रमाणाने तीत सुमारे २१ किलो नत्र असते. उत्तम कुजलेल्या शेणखतात हेच प्रमाण शेकडा अर्धे. म्हणजे तेवढ्या नत्रासाठी चार टन शेणखत ट्रॉलीतून आणून पाटीपाटीने रानात विस्कटावे लागते. दावणीची जनावरे घटली आणि मजुरी वाढली, तसा हा खर्च हजारांच्या घरात गेला. अशा जमाखर्चापुढे शेतकऱ्याने युरिया पसंत केला, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होय.

परंतु त्या छापील किमतीत युरिया तयार होत नाही. त्याचा बहुतांश भार सरकारी तिजोरी उचलते, आणि २०२२-२३ साली सर्व खतांवरील अनुदानाची रक्कम अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास पोहोचली होती. २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांचे दर बव्हंशी मोकळे झाले, युरियाचा दर मात्र नियंत्रितच राहिला. साहजिकच जे स्वस्त तेच रानात अधिक पडू लागले.

आरोग्याचा प्रश्न येथेच उद्भवतो, आणि तो धान्याच्या कणापेक्षा विहिरीच्या पाण्याशी अधिक निगडित आहे. जमिनीतील सूक्ष्म जंतू युरियाचे रूपांतर शेवटी नायट्रेटमध्ये करतात. मातीचे कण ते धरून ठेवीत नाहीत, आणि पिकाने न उचललेला अंश पावसाबरोबर अथवा पाटपाण्याबरोबर खाली झिरपत विहिरीस मिळतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून पुष्कळ अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेले वरचे दूध तान्ह्या मुलास पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होऊन ओठ व नखे निळसर पडतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेतते.

शेणखतही सर्वस्वी निर्दोष नाही. बेसुमार घातले तर त्यातूनही नायट्रेट झिरपते. अर्धेकच्चे शेण रानात गेले की त्याबरोबर हुमणी येते, तणाचे बी येते. आणि पालेभाजीच्या वाफ्यात ते पडले, तर आतड्यांच्या रोगांचे जंतू थेट ताटात पोहोचतात. ढीग आतून हात ठेववणार नाही इतका तापला आणि पुरता कुजला, म्हणजेच हे भय बव्हंशी सरते.

मग निवड कोणती? इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हावर चाललेल्या प्रयोगात भरपूर शेणखताच्या आणि पुरेशा रासायनिक खताच्या तुकड्यांचे उत्पन्न साधारण बरोबरीचे राहिले. पण शेणखताच्या मातीतील सेंद्रिय द्रव्य दुपटीहून अधिक झाले. उलट श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली, तेव्हा भाताचे पीक घसरून तांदूळ बाहेरून आणण्याची पाळी आली आणि काही महिन्यांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. आपल्या उष्ण मुलखात सेंद्रिय द्रव्य झपाट्याने जळून जाते. तेव्हा शेणखत जमिनीसाठी दरसाल घालावेच, आणि युरिया माती तपासून, हप्त्याहप्त्याने, पिकाच्या गरजेपुरताच द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि ज्या घरी तान्हे मूल वरच्या दुधावर आहे, त्या घरच्यांनी विहिरीचे पाणी प्रयोगशाळेतून अवश्य तपासून घ्यावे. कारण पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते.