ध्वजदिन आणि जवानाच्या घरची पाळी



तेरखेडा म्हटले की फटाके आठवतात. आपल्याकडे उडते ती शोभेची दारू. सीमेवरची दारू वेगळी. तिथे गेलेला पोर परत येईलच असे नाही.

त्यांच्या स्मरणार्थ १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. सुट्टी नसते, छोटा ध्वज छातीला लावायचा नि निधी द्यायचा. हा पैसा शहिदांची कुटुंबे, जायबंदी जवान व माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५ हजारांहून अधिक नावे दगडात कोरली आहेत. पण त्यांतली कितीतरी घरे आपल्यासारख्या खेड्यांतच आहेत.

हा दिवस येतो ऐन गळीत हंगामात. घरात म्हातारा बाप आणि विधवा सून. त्यांनी तोडीच्या चिठ्ठीसाठी किती खेटे घालायचे? पाळी लांबली की वजन घटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तेव्हा निधी तर द्यावाच. पण बांधाला बांध लागून असे घर असेल, तर त्यांच्या पाळीची चौकशी आपण करावी. पहाऱ्याची पाळी त्याने चुकवली नाही. त्याच्या उसाची पाळी आपण चुकू देऊ नये.