केळझरचा बकासुर आणि बेहराम ठगाचा आकडा



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात एखादा सिरियल किलर आहे का?" सभागृहात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आज तोच घेऊ.

सुरुवात केळझरपासून करू. आपल्या सेलू तालुक्यातलं केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आपल्याकडे परंपरेने मानतात. बकासुराला गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यावा लागे. आज पाळी कुणाच्या घरची, हे अख्ख्या गावाला ठाऊक असे. भीमाने त्याला मारलं आणि गाव सुटलं. ही गोष्ट मनाशी ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता एकोणिसाव्या शतकात या. वर्धा जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. जबलपूरहून नागपूर आणि तिथून हिंगणघाटावरून दक्षिणेकडे अशी वाहती वाट इथून जात होती. व्यापारी, यात्रेकरू, पगार गाठीला बांधून गावी निघालेले शिपाई, सगळे पायी. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या अशाच वाटांवर ठगांच्या टोळ्या फिरत. 'ठग' या शब्दाच्या मुळाशी झाकणं, लपवणं हा अर्थ आहे. आपल्या मराठीतला 'ठक' त्याचाच भाऊ.

त्यांची रीत काय होती? वाटेत गाठ पडली की म्हणायचं, "तुम्हीही तिकडेच? चला, सोबत होईल." मग काही दिवस एकत्र मुक्काम, एकत्र जेवण. नंतर एखाद्या आमराईत ठरलेली खूण होताच गळ्याला रुमालाचा फास. प्रेतं पुरायची आणि पुढची वाट धरायची.

इतकी माणसं नाहीशी होत होती, तर बोभाटा कसा झाला नाही? कारण साधं आहे. प्रवासी महिनोन्महिने घराबाहेर असे, पत्र क्वचितच येई. तो परतला नाही तर घरचे म्हणायचे, वाटेत पटकीने गेला असेल. शिवाय खून एका राज्यात, लूट दुसऱ्या राज्यात विकायची आणि घर तिसऱ्या राज्यात. कोणत्याच दरबाराला सगळा हिशेब दिसत नव्हता. कंपनीच्या फौजेतल्या शिपायांना मात्र १८१० सालीच लेखी ताकीद मिळाली होती : ठगांपासून सावध राहा, रोकड बरोबर नेऊ नका, हुंडी करून घ्या.

स्लीमनचीच कथा बघा. पुढे ठगी मोडून काढणारा म्हणून नावाजलेला हा अधिकारी १८२२ ते १८२४ नरसिंगपूरला होता. तो जिल्हाही आधी भोसल्यांचाच. स्लीमनने नंतर स्वतः लिहून ठेवलं, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात तेव्हा ठगांची टोळी राहत होती आणि त्याला पत्ताही नव्हता. म्हणजे ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना नव्हती. पकडलेल्या ठगांनी दाखवलेल्या जागा खणल्यावर खरोखर सांगाडे निघाले.

आता बेहराम. हा अवधचा, आपल्या भागातला नव्हे. पण 'जगातला सर्वांत मोठा खुनी' म्हणून त्याचंच नाव घेतात आणि त्यापुढे ९३१ हा आकडा लावतात. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे आकडा दिसला की तो उलगडून बघायची खोड आहे. लखनौला पेटन नावाच्या अधिकाऱ्याने बेहरामची जबानी लिहून घेतली. त्यात तो म्हणतो, की आपल्या हातांनी सव्वाशेच्या आसपास माणसं मारली असतील, आणि आणखी दीडशे डोळ्यांदेखत मारली गेली असतील. ९३१ हा आकडा ज्या खुनांशी टोळीतला माणूस म्हणून त्याचा संबंध लावला गेला, त्यांचा आहे. पुढच्या लेखकांनी टोळीचं सगळं कर्म एकाच माणसाच्या खात्यावर मांडलं. आणि सांगणारा कोण? माफीचा साक्षीदार. जो जितकं सांगेल तितका त्याचा जीव सुरक्षित. अशी साक्ष खोटीच असते असं नाही, पण ती तोलून घ्यावी लागते.

ही झाली पहिली चूक : समूहाचं कर्म एकावर लादणं. दुसरी तिच्या नेमकी उलट आहे आणि जास्त घातक आहे. १८३६ च्या कायद्याने, एखादा ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं, तरी जन्मठेप ठरवली. टोळीत तो कायद्याआधी होता की नंतर, कंपनीच्या मुलखात की बाहेर, याने फरक पडत नव्हता. कोणाला कधी मारलं, हे दाखवण्याची गरज उरली नाही. ही विचाराची सवय पुढे वाढत गेली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आधी उत्तर हिंदुस्थानात आणि मग इतरत्र. आता टोळीतही असायला नको, त्या जातीत जन्म झाला की पुरे! हा कायदा १९५२ साली गेला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. 'ठग' ही व्याख्या मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम ३१० मध्ये राहिली. ती गेली १ जुलै २०२४ ला, नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा. कागदावरून गेली म्हणायचं. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालांकडे वळते, हे तुम्ही-आम्ही सगळेच पाहतो.

आता केळझरला परत येऊ. बकासुराच्या गोष्टीत सगळं वाईट एका देहात असतं. तो देह पडला की प्रश्न मिटतो. म्हणून ती गोष्ट आपल्याला आवडते आणि म्हणूनच आपल्याला ९३१ वाला बेहराम हवा असतो. पण एकचक्रेत आज कोण जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्या वाटांवर कोण गेलं हे कोणालाच कळलं नाही. १८८८ साली लंडनमध्ये जॅक द रिपरने पाच बायका मारल्या. तो कोण हे आजही सिद्ध झालेलं नाही, त्या पाचजणींची नावं मात्र नोंदलेली आहेत. बेहरामचं उलट आहे. त्याचं नाव जगाला पाठ, त्याच्या फासात सापडलेल्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं : आपल्या जिल्ह्याला जोडणारा धागा खुन्याचा नाही, वाटेचा आहे. त्या वाटेने घरी निघालेले आणि न पोचलेले लोक हा आपला इतिहास. पुढच्या वेळी हिंगणघाटकडे जाताना त्यांची आठवण ठेवा, आणि कडेला एखादं पाल दिसलं तर माणूस बघा, जमात बघू नका.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.